बोलणं शून्य

आमच्या ताईकडे दर रविवारी दुपारी खेळ असतो. खेळ म्हणजे पत्ते नव्हेत. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एकेक काल्पनिक माणूस व्हायचं आणि ताई सांगेल त्या शहरात, ताई सांगेल त्या संकटात पडायचं. तुम्ही काय करणार ते तोंडाने सांगायचं, जमलं की नाही ते फासे ठरवतात. प्रत्येकापुढे एक कागद असतो, त्यावर आपल्या माणसाला काय काय येतं ते लिहिलेलं असतं: कुलपं, तलवार, धावणं, औषधपाणी, संगणक, बोलणं. ज्याच्या त्याच्या पुढे आकडा. फाशांवर जे पडेल त्यात तो मिळवायचा आणि बेरीज ताईच्या मनातल्या आकड्याच्या वर गेली की काम फत्ते.

ताई पाणीपुरवठ्याच्या कचेरीत चौकशीच्या खिडकीत बसते, त्यामुळे तिच्या शहरातले दुष्ट लोक कुठल्या ना कुठल्या कचेरीतच सापडतात. भाऊजी नकाशे काढतात. आजोबा, म्हणजे ताईचे सासरे, चोर आहेत. त्यांचा हा चोर चिमणी शाळेत होती तेव्हापासून जिवंत आहे आणि त्याच्या कागदाला आजोबा ओला हात लावू देत नाहीत. चिमणी ही ताईची एकुलती एक. मी ताईची धाकटी बहीण. खेळात मी परिचारिका आहे. खोटं बोलायचं नाही असा माझा नेम आहे. खेळातलं खोटं त्यात धरायचं की नाही, यावर मी पुष्कळ विचार केला आणि धरायचं ठरवलं. त्यामुळे पहारेकऱ्याने विचारलं की माझी परिचारिका त्याला आम्ही कुठे चाललोय ते सांगते. घरच्यांना आता सवय झाली आहे. पहारेकरी दिसला की ते मला आधी मागे ढकलतात.

संगणक हा आमच्या खेळातला सर्वांत सोपा विषय होता. कुठलंही घोडं अडलं की आजोबा म्हणायचे, "संगणक टाक गं चिमणे," आणि चिमणी फासे टाकायची. दारं उघडायची, दिवे जायचे, लिफ्ट मधेच थांबायची. एकदा तर पावाची भट्टी संगणकाने विझवली होती. त्या भट्टीत संगणक कुठे होता, असं कुणी विचारलं नाही. भट्टी विझली ना, मग झालं.

मग चिमणीने पाहुण्याला आणलं.

पाहुणा म्हणजे तिने लग्नासाठी पसंत केलेला मुलगा. तो काय करतो, असं ताईने विचारलं तेव्हा चिमणी म्हणाली, "संगणकाचं काम." आईचा होकार नसेल तर लग्न करायचं नाही, हे चिमणीने आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. ताईने तशी अट घातली नव्हती, पण घातलेली नाही म्हणून मोडूही दिली नसती. ताई एवढंच म्हणाली, "तीन रविवार खेळायला बसू दे त्याला. मग सांगते."

"आई, ही काय परीक्षा आहे का?"

"परीक्षेत माणूस अभ्यास करून येतो. खेळात तसाच येतो."

चिमणीने आपला कागद त्याला देऊन टाकला. ज्याला खरंच येतं त्याच्याकडे असलेला बरा, असं तिचं म्हणणं. भाऊजींनी त्याच्यासाठी आकडे नव्याने वाटले. संगणकापुढे घालता येईल तेवढं सगळं घातलं आणि 'बोलणं'पुढे काहीच उरलं नाही, म्हणून शून्य लिहिलं.

"शून्य चालेल ना?" भाऊजींनी विचारलं.

"चालेल," पाहुणा म्हणाला, आणि त्या रविवारी तो जवळजवळ तेवढंच बोलला.

जे बोलला ते बोलला नसता तर बरं झालं असतं. आम्ही एका गोदामाच्या दाराशी होतो. आजोबा म्हणाले, "टाका संगणक."

"या दाराला बाहेरून जोडणी आहे का?" पाहुण्याने विचारलं.

ताई म्हणाली, "कसली जोडणी?"

"म्हणजे तार, किंवा काहीही."

"नाही. दार आहे."

"मग नाही उघडणार."

"फासे टाका ना, उघडेल."

"काकू, पण ते उघडूच शकत नाही."

आजोबांनी फासे उचलून त्याच्या हातात कोंबले. "अहो, टाकायला काय जातंय तुमचं?" त्याने टाकले. दोन्ही सहा पडले. दार धाडकन उघडलं. सगळे ओरडले आणि पाहुणा हळूच म्हणाला, "सॉरी."

दुसरा रविवार पहिल्यासारखाच गेला, फक्त जरा वाईट. ताईने मुद्दाम त्याच्याशी गप्पा मारायचा प्रयत्न केला. घरी कोण कोण असतं, झोप नीट लागते का, आमच्याकडचा चहा फार गोड लागतो का. प्रत्येक प्रश्नाला तो क्षणभर थांबायचा आणि मग "हो" किंवा "नाही" म्हणायचा. चहाला "हो" म्हणाला. तो गेल्यावर भाऊजी म्हणाले, "मुलगा नाकासमोर चालणारा आहे."

"नाक आहे, एवढं कळलं," ताई म्हणाली. "त्याच्या पुढे काय आहे ते कळू दे."

चिमणी जेवली नाही. मी तिला समजावायला गेले तर म्हणाली, "मावशी, तो असा नाहीये गं. इथे आला की लाकूड होतो. माझ्याशी बोलतो तेव्हा हसून हसून पोट दुखतं." मी म्हटलं, मग ताईशीही तसंच बोलायला सांग. तर ती माझ्याकडे विचित्र बघत म्हणाली, "तेच तर नको म्हणतो."

तिसरा रविवार उजाडला. माझं सकाळचं नामस्मरण त्या दिवशी चिमणीच्याच नावावर रेंगाळत होतं, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून केलं.

त्या दिवसाचं संकट मोठं होतं. ताईच्या शहरात एका बड्या माणसाला खालची वस्ती रिकामी करून हवी होती आणि त्यासाठी तो धरणाची दारं उघडणार होता. दारं कधी उघडायची ते पाण्याच्या कचेरीतल्या एका संगणकात भरून ठेवलेलं. आम्ही कचेरीत शिरलो, वरच्या मजल्यावरच्या खोलीत पोचलो आणि आजोबांच्या चोराने कुलूप काढलं. पाहुणा यंत्रासमोर बसला. खाली जिन्यावर पावलं वाजली. ताईने वाळूचं घड्याळ उलटं करून टेबलावर ठेवलं.

"वाळू संपली की पहारेकरी दारात. पकडले गेलात तर कागद माझ्याकडे. सगळ्यांचे."

आजोबांनी आपल्या कागदावर हात ठेवला. "टाका, पाहुणे. शुभ बोला आणि टाका."

पाहुण्याने या वेळी जोडणीबद्दल काही विचारलं नाही. चिमणीने टेबलाखालून त्याला पाय मारला होता, मला दिसला. त्याने फासे टाकले. दोन्हीवर एक.

"यंत्र बंद पडलं," ताई म्हणाली. "शब्द मागतंय. परवलीचा शब्द दिल्याशिवाय आता ते कुणालाही दाद देणार नाही."

भाऊजींनी नकाशावरून पेन्सिल उचलली. आजोबा म्हणाले, "इतकी वर्षं. इतकी वर्षं मी ह्याला सांभाळला." ह्याला म्हणजे चोराला.

पाहुणा वाळूकडे बघत होता. मग त्याने विचारलं, "काकू, खोलीत फोन आहे?"

"आहे."

"या कचेरीत आत्ता फोन उचलायला कोणी बसतं?"

"चौकशीला एक बाई असते. जादा वेळेची पाळी आहे तिची."

"मी तिला फोन करतो."

भाऊजी म्हणाले, "तुमचं बोलणं शून्य आहे."

इथे आमच्या घरचा एक नियम सांगायला हवा. तलवार चालवायला खऱ्या माणसाला तलवार यावी लागत नाही, संगणक उघडायला संगणक यावा लागत नाही. पण बोलायचं असेल तर खरंच बोलून दाखवावं लागतं. तोंड सगळ्यांनाच असतं, असं ताईचं म्हणणं. बोलणं ताईला पटलं तर फासे लागत नाहीत. नाही पटलं तर मग आकडा.

"बोलू द्या त्यांना," ताई म्हणाली. तिने चष्मा सारखा केला आणि समोरचा नसलेला फोन उचलला. "चौकशी विभाग."

चिमणी म्हणाली, "नको." तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

पाहुण्याने ग्लासातलं पाणी प्यायलं. मूठ कानाशी नेली. आणि टेबलाशी एक वेगळाच माणूस बोलू लागला.

"अहो, माफ करा हं, तुम्हालाही आत्ताच त्रास देतोय," तो म्हणाला. आवाज थकलेला होता, पण आपुलकीचा. दिवसभर सगळ्यांचं ऐकून घेतलेल्या माणसाचा असतो तसा. "खालून बोलतोय, दुरुस्तीतून. तुमच्या खिडकीवर आज फारच गर्दी होती म्हणे?"

"विचारू नका," ताई म्हणाली. "नळाला पाणी नाही, ते मीच तोडल्यासारखं बोलतात."

"आणि आतले साहेब?"

"ते दार लावून बसतात."

"सगळीकडे तेच. खुर्ची तरी बदलून दिली का हो तुम्हाला?"

ताईची खुर्ची एका बाजूला कलते, हे आम्हाला घरी रोज ऐकायला मिळतं. ते पाहुण्याला कुणी सांगितलं नव्हतं. नंतर त्याने सांगितलं की चौकशीच्या खिडकीतली खुर्ची सगळीकडे मोडलेलीच असते.

"खुर्चीचं नावच काढू नका," ताई म्हणाली, आणि हसली. टेबलाशी बसून खेळ चालवताना ताई हसत नाही.

"बरं, मी का फोन केला सांगतो. जुन्या यंत्रावरची माहिती आज नव्यावर जाणार आहे. त्यात काही जणांच्या शिल्लक रजा पुसल्या जातायत. वरून सांगितलंय, जाऊ द्या, नंतर बघू. आता नंतर कोण बघतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. मी आपला माझ्या माझ्या ओळखीने जमतील तेवढ्यांच्या वाचवतोय. तुमच्या बऱ्याच साठलेल्या दिसतायत."

"माझ्या रजा?" ताईचा आवाज खरोखर बारीक झाला. "त्या मी मुलीच्या लग्नासाठी ठेवल्यात."

"तेच म्हटलं मी. घाबरू नका. तुमचा शब्द अजून तोच जुना आहे ना? सुरुवातीला दिलेला?"

"नाही नाही, मी माझा घातलाय," ताई म्हणाली आणि एका दमात तिने तो सांगून टाकला.

तो शब्द मी इथे लिहीत नाही. आता तो बदललेला आहे, तरीही नाही.

"शाब्बास!" आजोबा ओरडले. "घाला! घाला तो यंत्रात! वाळू आहे अजून!" भाऊजींनी लगेच नकाशाच्या कोपऱ्यात शब्द मोठ्या अक्षरात लिहूनही टाकला. मला बाई क्षणभर भीतीच वाटली. इतकं गोड खोटं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि ऐकताना मीसुद्धा माझ्या रजांचा विचार करत होते. मी तर कुठे नोकरीही करत नाही.

पाहुण्याने कानाजवळची मूठ खाली घेतली. तो पुन्हा लाकूड झाला होता.

"काकू," तो म्हणाला, "तो खरा आहे ना?"

"काय खरा?"

"शब्द. तुमच्या कचेरीतला. मनाने रचलेला शब्द माणूस जरा थांबत सांगतो. तुम्ही भरभर सांगितलात. आणि सांगताना तुमची बोटं टेबलावर चालत होती."

ताईने आपल्या बोटांकडे पाहिलं. ती अजून टेबलावरच होती. तिने ती मांडीवर घेतली.

"अहो, वाळू!" आजोबा म्हणाले.

"मी तो वापरणार नाही, आजोबा. काका, तेवढं खोडून टाका ना. खोडू नका, तो कोपराच फाडा." भाऊजींनी फाडला. नकाशातली अर्धी नदी गेली. "काकू, तुम्हाला तो आजच बदलायला हवा. आता आम्हा सगळ्यांना माहीत झालाय आणि मला तर तो विसरता येणार नाही. माझं कामच ते आहे."

वाळू संपली. ताई अगदी सपाट आवाजात म्हणाली, "पहारेकरी आले. सगळे पकडले गेलात." आणि हात पुढे केला. एकेकाने कागद दिले. आजोबांनी सर्वांत शेवटी. "तलवारीने नाही, विषाने नाही," ते म्हणाले, "सज्जनपणाने मेला माझा माणूस."

"कुठलं काम?" ताईने विचारलं. ती चिमणीकडे बघत होती.

चिमणी मान खाली घालून म्हणाली, "कचेऱ्या त्याला पगार देतात. तो त्यांच्याच लोकांना फोन करतो आणि कोण कोण फसतं ते त्यांना सांगतो. म्हणजे मग खरा चोर आला तर फसू नयेत."

"तू मला संगणकाचं काम म्हणालीस."

"संगणकाचंच आहे ते."

"संगणक कुठे आहे त्यात?"

"शेवटी येतो," पाहुणा म्हणाला.

ताई उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले. ती ओट्याशी उभी राहून एकच कप धूत होती, आणि तो स्वच्छच होता.

"मी रोज लोकांना सांगते," ती म्हणाली, "आपला शब्द कुणाला सांगू नका. पाटी लावली आहे खिडकीवर. मीच लावली आहे."

"हो गं."

"त्याने माझ्या रजांना हात घातला आणि मी सगळं ओकले. असा माणूस घरात घ्यायचा? उद्या माझ्याशी बोलताना तो खरं बोलतोय की ते दुसरं, मला कसं कळणार?"

माझा नेम असल्यामुळे मी काहीतरी बरं वाटेल असं म्हणूही शकत नव्हते. मी म्हटलं, "त्यालाच विचार."

तिने कप पालथा घातला आणि बाहेर आली. पाहुणा उभाच होता. बसावं की जावं ते त्याला ठरवता येत नव्हतं बहुतेक.

"खरं सांगा," ताई म्हणाली. "गेले तीन रविवार माझ्याशी त्या आवाजात किती वेळा बोललात?"

"एकदाही नाही."

"का?"

तो नेहमीसारखा थांबला. "मला लोकांशी बोलायला तेवढंच एक नीट येतं, काकू. दिवसभर तेच करतो. तुम्ही चहाचं विचारलंत तेव्हा तोंडावर आलं होतं. असलं काही बोललो असतो की तुम्ही खूश झाला असता. पण ते तुमच्यावर वापरायचं नव्हतं मला. मग दुसरं काही सुचतच नाही. म्हणून 'हो' म्हणालो."

"म्हणजे चहा खरंच गोड होता?"

"फार."

आजोबा कागद गेल्याच्या दुःखातूनही म्हणाले, "मी सांगतोय कधीपासून, ही साखर दुप्पट घालते."

चिमणीचा चेहरा उतरला होता. ती आईकडे बघत होती आणि आई दाराकडे. मग ताईने खुंटीवरची पर्स काढली.

"चपला घाला," ती त्याला म्हणाली. "मला तो बदलता येत नाही. यंत्र आलं तेव्हा बसवणाऱ्याने घालून दिला, तोच आहे." आणि मला म्हणाली, "तूही चल."

कचेरी फार लांब नाही. आम्ही चालत गेलो. वाटेत रस्ता ओलांडताना पाहुणा फक्त "गाडी येतेय" म्हणाला. ती येतच होती.

कचेरीच्या फाटकाशी रखवालदार रेडिओ लावून बसला होता. ताईला पाहून उठला. "बाई, आज सुट्टीच्या दिवशी?"

"यंत्रात थोडं काम आहे. पाच मिनिटं."

"तुम्ही जा हो. ह्या मावशींना इथे खुर्ची देतो." त्याने पाहुण्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पण ह्यांना नाही सोडता येणार. बाहेरच्या माणसाला आत नाही, साहेबांचा हुकूम आहे."

"बरोबर आहे तुमचं," पाहुणा लगेच म्हणाला. "मला अजिबात सोडू नका. काकू, मी इथूनच सांगतो कसं करायचं ते."

मी ताईकडे पाहिलं. तोच माणूस हवं तर रखवालदाराला हां हां म्हणता गुंडाळून आत गेला असता, रेडिओसकट. तो फाटकाबाहेर दोन पावलं मागे सरकून उभा होता, आखलेली रेघ असावी तसा.

ताईने पर्सची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली.

"बाहेरचे नाहीत ते," ती म्हणाली. "जावई आहेत."

रखवालदाराने रेडिओ बारीक केला. "अरे वा! चिमणीताईचं लग्न झालं? पत्ता लागू दिला नाहीत."

"व्हायचंय," ताई म्हणाली. "रजा साठवल्यात मी. चला हो तुम्ही, आत या."

तो आत आला. मीही मागून गेले, मला कुणी अडवलं नाही. ताई त्या कललेल्या खुर्चीत बसली. पाहुण्याने यंत्राच्या बाजूला वाकून कुठे काय दाबायचं ते दाखवलं आणि मग आपण होऊन भिंतीपाशी गेला, तिच्याकडे पाठ करून. भिंतीवर ताईने लावलेल्या सूचना होत्या. त्या तो पहिल्या ओळीपासून वाचू लागला.

ताईने नवा शब्द घातला. यंत्राने नाकारला. दुसरा घातला, तोही नाकारला.

"काय म्हणतंय हे? मी काय घालते ते सांगू का?"

"नका सांगू," तो भिंतीला म्हणाला. "थोडा लांब घ्या, आई."

ताईची बोटं मधेच थांबली. मग पुन्हा चालू लागली, या वेळी बराच वेळ.